बेदाण्याच्या शेडला करंट सोडू का?

*वकीलबाई, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची रानातली वस्ती आहे. घरात मी, बायको, म्हातारी आई आणि बारावीतला मुलगा. अडीच एकर द्राक्ष, सगळा माल बेदाण्यालाच जातो. शेड घरापासून दीडशे पावलांवर, मध्ये ओढा. गेल्या महिन्यात शेजारच्या शेडवरून एका रात्रीत सहाशे किलो बेदाणा गेला. आमच्या विहिरीवरची केबल दोनदा कापून नेली. तक्रार दिली, पंचनामा झाला, पुढं काही नाही. आता राखणीला मी शेडवर झोपतो. चुलत्यांकडं लायसनची बारा बोअर आहे, ती घेऊन जा म्हणतात. मेव्हणे म्हणतात जागरण कशाला, शेडच्या जाळीला मीटरवरून फेज जोडू, पाटी लावू, आपली जबाबदारी संपली. तार घेऊनही आलेत. नवीन कायद्यात घरात घुसलेल्याला मारलं तरी चालतं, असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतोय. अमेरिकेत तर थेट गोळी घालतात म्हणे. तीन गोष्टी विचारतो. शेडात चोर दिसला तर गोळी घालता येते का? करंट सोडला तर चालतं का? आणि चोर शेड सोडून घरावरच आले तर?*
*– एक द्राक्षबागायतदार*

दादा, नमस्कार.

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तार घरात येऊन पडली आहे. मेव्हण्यांनी ती जोडली असेल तर आधी मेन स्विच पाडा, तार सोडवा आणि मग पुढचं वाचा.

याबाबत सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तोही जुना, १९६३ सालचा. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. ग्रेगरीच्या शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली. आडोसा गेला, म्हणून त्या घरातली बाई आणि आणखी काही जण याच्या संडासात जाऊ लागले. त्याने येऊ नका म्हणून बजावलं. कुणी ऐकेना. मग त्याने घरातल्या वायरिंगमधून वीज घेऊन संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावली. ती बाई नेहमीसारखी गेली, तारेला लागली आणि थोड्याच वेळात मेली. बचाव काय केला, तर माझी जागा, माझी मालमत्ता, तिचं रक्षण करण्याचा मला हक्क. कोर्टाने तो मानला नाही. विनापरवानगी आत आलेला माणूसही कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, आणि त्याला जीवघेणी इजा होईल अशी सोय जागामालकाने करून ठेवायची नसते, हा त्या निकालाचा अर्थ. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल शिक्षा कायम झाली. तेव्हा ते कलम ३०४-अ होतं आणि कमाल शिक्षा दोन वर्षांची. आज त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, कमाल शिक्षा पाच वर्षं.

आता मेव्हण्यांची पाटी. त्यांना वाटतं पाटीने जबाबदारी संपते. मला तर ती पाटी सरकारी वकिलाच्या हातात दिसते. ‘सावधान, जाळीत करंट आहे’ असं तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल, तर तो म्हणणार, बघा साहेब, याला पुरतं ठाऊक होतं की हात लावला की माणूस मरतो. मग प्रकरण निष्काळजीपणावर थांबेलच असं नाही. सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावायचा प्रयत्न होईल, त्यात दहा वर्षं आणि वरसुद्धा जाते. शिवाय पाटी रात्री वाचता येत नाही, आणि तुमच्या ओढ्याच्या कडेला कोपी टाकून राहिलेल्या बीडच्या ऊसतोड मजुराच्या लेकराला दिवसाही वाचता येईल याची खात्री नाही.

शेडच्या जाळीला दिवसभरात कुणाकुणाचे हात लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे दव पडलेलं, द्रावणाचं पाणी सांडून जमीन ओली, आणि बेदाणा झाडायला आलेल्या बायका एका हाताने जाळी बाजूला सारून आत शिरतात. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला शेजारी तुमच्याच बांधावरून जातो. एखाद्या सकाळी फेज काढायची राहिली तर पहिली बळी जाणारी व्यक्ती चोर असण्याची शक्यता कमीच. म्हातारी आई सकाळी शेडकडे जाते का, हे पत्रात लिहिलेलं नाही. जात असणार.

सोलरचं झटका मशीन मिळतं ती गोष्ट वेगळी. त्यात मीटरची वीज सरळ तारेत जात नाही. क्षणभर झटका, मग खंड, पुन्हा झटका, त्यामुळे हात सुटतो. फेज जोडलेल्या तारेला हात चिकटतो. घ्यायचंच असेल तर तयार, चांगल्या बनावटीचं घ्या आणि माहीतगाराकडून बसवून घ्या. गावातल्या वायरमनने जुळवलेलं ‘आपलं झटका मशीन’ नको.

तारेबद्दल एवढं लांबण लावायचं कारण असं की स्वसंरक्षणाच्या हक्काचा सगळा डोलारा भीतीवर उभा आहे. त्या क्षणी, त्या माणसाला, जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटली का, आणि त्याने जे केलं ते त्या भीतीच्या मानाने होतं का, हे न्यायाधीश बघतात. चोरीला गेलेल्या मालाची किंमत त्या हिशेबात फारशी येत नाही. तारेला भीती वाटत नाही. समोर दरोडेखोर आहे की वाट चुकलेलं पोर, हे तिला कळत नाही. म्हणून तारेच्या नावावर हा हक्क मागता येत नाही.

ग्रुपवरच्या मेसेजचं एका वाक्यात: कायदा बदलला म्हणजे आकडे बदलले. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, जुनी कलमं ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ झाली, आतला मजकूर जवळपास तोच, १८६० सालचा. अमेरिकेचं म्हणाल तर टेक्सास राज्याच्या कायद्यात रात्रीची चोरी रोखण्यासाठी, काही अटींवर, जीवघेणं बळ वापरायला मुभा आहे हे खरं. पण तुमचं शेड तासगाव तालुक्यात आहे, आणि तुमची केस चालली तर ती सांगलीत विजयनगरच्या कोर्टात चालेल.

पहिला प्रश्न, शेडातला चोर आणि गोळी. कायदा शरीर आणि मालमत्ता या दोन्हींच्या रक्षणाचा हक्क देतो, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. पण समोरच्याचा जीव जाईपर्यंत मजल कधी मारता येते, याची यादी ठरलेली आहे. मालमत्तेसाठी ती कलम ४१ मध्ये आहे. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी. राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणं, स्फोटकं वापरणं. आणि चौथं, चोरी, नासधूस किंवा घरात शिरणं हे अशा परिस्थितीत होत असेल, की आता आपण विरोध केला नाही तर जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. यात साधी चोरी कुठं आहे बघा. नाही. साध्या चोरीला कलम ४२: चोराला अडवा, ढकला, हातातली पिशवी हिसकावून घ्या, गरज पडली तर काठीही चालवा, पण जीव घ्यायचा नाही.

तुमचं शेड म्हणजे लोखंडी पाइप, वर कागद, चारी बाजूंनी जाळी. ते ‘माल ठेवण्याची इमारत’ आहे का, यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आणि भांडणारे आम्ही वकील त्याची फी घेऊ. त्या भांडणावर तुम्ही स्वतःचं आयुष्य लावू नका. उघड्या जमिनीचं तर सुप्रीम कोर्टाने २००२ च्या जस्सा सिंग निकालात सांगूनच टाकलं आहे: नुसतं रानात घुसणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जात नाही. अंधारात दोघं बेदाणा पोत्यात भरताहेत, तुम्हाला त्यांनी पाहिलंही नाही, आणि तुम्ही चाप ओढलात, तर कायद्याच्या भाषेत तुमच्याजवळ भीती नव्हती, राग होता. तेच दोघं कोयता उगारून तुमच्यावर धावून आले तर चित्र पालटतं, कारण आता प्रश्न बेदाण्याचा राहिला नाही, तुमच्या मानेचा झाला.

चुलत्यांच्या बंदुकीचं वेगळंच आहे. लायसन त्यांच्या नावावर, म्हणजे बंदूक त्यांच्या हातात. तुम्ही ती खांद्याला लावून शेडवर गेलात की एकही गोळी न सुटता शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा होतो, आणि चुलत्यांचं लायसनही धोक्यात. ती त्यांच्या कपाटात राहू द्या.

वकिलीच्या सुरुवातीची एक केस सांगते. अशील विहिरीच्या खोलीत झोपलेला. पाच अश्वशक्तीच्या मोटारीची केबल कापून चोर निघाला. हा उठला, पाठीमागे धावला. चोराने केबलचं भेंडोळं टाकलं आणि ओढ्यात उतरला. याने गाठून फावड्याच्या दांड्याने एक हाणला. एकच. माणूस तिथंच पालथा पडला आणि पहाटे दवाखान्यात मेला. केबलची किंमत साडेचार हजार. मी कोर्टात तासभर स्वसंरक्षणावर बोलले. समोरच्या वकिलाने पोस्टमॉर्टेमचा कागद उचलला आणि साक्षीतल्या डॉक्टरांना एवढंच विचारलं, ‘जखम कुठं होती?’ डोक्याच्या मागच्या बाजूला. आणि भेंडोळं कुठं मिळालं? पंचनाम्यात लिहिलेलं, ओढ्याच्या अलीकडे, चाळीस फुटांवर. माझं तासभराचं बोलणं त्या दोन उत्तरांत वाहून गेलं. खुनाचं कलम सुटलं, सदोष मनुष्यवध राहिला, पाच वर्षं झाली. माझा अशील वाईट माणूस नव्हता. तो फक्त चाळीस फूट जास्त धावला.

त्या चाळीस फुटांचं कलम आता ४३ आहे. चोरीच्या बाबतीत मालमत्ता राखण्याचा हक्क कुठवर, तर चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत. भेंडोळं खाली पडलं त्या क्षणी हक्क संपला होता. जबरी चोरीत तो चोराकडून जीव जाण्याची, दुखापतीची किंवा अडवून धरण्याची तातडीची भीती असेपर्यंत टिकतो, आणि रात्रीच्या घरफोडीत घरफोड्या घरात आहे तोवर. तो खिडकीतून उडी मारून पळायला लागला की पाठलाग करून वार करायचा नाही.

म्हणजे कायदा चोरांचाच आहे, असं तुम्ही आता म्हणणार. म्हणून तिसरा प्रश्न.

रात्रीचे दोन. दाराची कडी पहारीने उचकटली. तोंडाला फडकी बांधलेले चौघं आत, एकाने बायकोच्या गळ्याला सुरी लावली, दुसरा आईच्या हातातल्या पाटल्या ओढतोय. इथं कायदा तुमच्या पाठीशी उभा आहे, आणि नीट उभा आहे. जबरी चोरी झाली, रात्रीची घरफोडी झाली, आणि कलम ३८ प्रमाणे शरीराच्या रक्षणाचा हक्कही जागा झाला. त्या कलमात सात प्रसंग आहेत: जिवाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, सुटकेसाठी सरकारी मदत मिळणार नाही अशा रीतीने डांबून ठेवणं, आणि २०१३ पासून ॲसिडहल्ला. अशा वेळी तुम्ही किंवा तुमच्या मुलाने कोयता चालवला आणि त्यातला एक मेला, तर तो गुन्हाच होत नाही. पळून जायची वाट असताना तुम्ही पळाला का नाहीत, असंही विचारता येत नाही. अंगावर आलेल्या संकटापुढं माणसाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० च्या दर्शन सिंग निकालात स्पष्ट म्हटलं आहे. घाबरलेल्या माणसाने किती जोरात मारावं हे कोर्ट सराफाच्या काट्यावर तोलत बसत नाही. एक वार जास्त झाला म्हणून कुणी लगेच खुनी ठरत नाही. हद्द ओलांडली गेली पण मनात कपट नव्हतं, आधीचं ठरवणं नव्हतं, तर खून खाली उतरून सदोष मनुष्यवध होतो. चौघं पडले आणि मग एकाला खुर्चीला बांधून मारलं, तर मात्र काट्याचीही गरज पडत नाही.

इथं एक बारीक गंमत आहे. घरफोडी म्हणायला कडी-कुलूप उघडणं, भिंत चढणं, माणसाची वाट नाही अशा जागेतून शिरणं, बळ वापरणं असं काहीतरी लागतं. उन्हाळ्यात तुम्ही दार सताड उघडं टाकून पडवीत झोपता आणि चोर त्या दारातून चालत आत जातो, तेव्हा ती घरफोडी होईलच असं नाही. मग तुम्हाला कलम ४१ च्या यादीतल्या चौथ्या प्रसंगातली भीती दाखवावी लागते. तेव्हा उकडलं तरी दाराला कडी घाला, कायद्यासाठीही आणि चोरासाठीही.

असा प्रसंग घडलाच तर त्यानंतरचा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमके तिथंच चुकतात. ११२ ला फोन करा, जखमीसाठी १०८ ला, मग तो चोर का असेना. कोयता धुऊ नका, ओढ्यात टाकू नका, रक्त पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ज्याने हक्काने मारलं तो कोयता का लपवेल, असं कोर्टाला वाटणं साहजिक आहे. तुमच्या अंगावरचा ओरखडासुद्धा सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. उचकटलेल्या कडीचे फोटो पंचनाम्याआधी काढून ठेवा. स्वसंरक्षण केलं हे दाखवण्याचा भार तुमच्यावर असतो, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. सरकार पक्षाएवढं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, असंच घडलं असावं इतपत पटवलं तरी पुरतं. त्या पटवण्यात ती वाकलेली कडी माझ्या भाषणापेक्षा जास्त बोलते.

चोर जिवंत हाती लागला तर? दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर झाला असेल तर तुम्ही त्याला धरू शकता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की विनाकारण वेळ न घालवता, आणि सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. चावडीपुढच्या खांबाला बांधून सकाळपर्यंत प्रत्येकाने एकेक हात साफ करायचा, कुणीतरी व्हिडिओ काढायचा, हे त्या कलमात बसत नाही. व्हिडिओत ज्यांचे चेहरे दिसतात त्यांचे आईवडील मग माझ्याकडे येतात.

आणि तो चोरच होता कशावरून? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आली अशी अफवा फिरली आणि जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे, मंगळवेढ्याकडचे. आपल्या जतच्या हद्दीपलीकडची माणसं. ग्रुपवरचा मेसेज तेव्हाही होताच.

राहिला बेदाणा. तुमच्या पत्रात मला खटकलं ते हे, की तुम्ही शेडवर एकटे झोपता. चोर चौघं आणि तुम्ही एकटे, हातात काहीही असलं तरी ते गणित वाईट आहे. शेजारच्या चार शेडवाल्यांनी पाळी लावा, दोघं-दोघं, मोठी बॅटरी आणि शिट्टी. पोलीस पाटलांना सांगून ग्रामसुरक्षा दलात नावं घाला, म्हणजे तुमच्या रात्रीच्या फिरण्याची नोंदही राहील. हालचालीने पेटणारे सोलरचे दिवे आणि सिमवरचा एक कॅमेरा यांना मिळून बहुधा त्या बारा बोअरच्या काडतुसांच्या पेटीपेक्षा थोडंच जास्त लागेल. वाळलेला माल शेडात साठवून दर वाढायची वाट बघत असाल तर ती सवय मोडा. झाडून झाला की बॉक्समध्ये भरून सरळ कोल्ड स्टोरेजला न्या, पावती घ्या, सौदा तिथून करा. चोराला रॅकवरचा ओला माल नको असतो. आणि केबलची दुसरी तक्रार ‘नुसता अर्ज’ म्हणून घेतली असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या.

मेव्हण्यांनी आणलेली तार दुकानदार परत घेत असेल तर द्या. नाहीतर ऑक्टोबरच्या छाटणीआधी मांडवाच्या तारा ओढायच्या असतीलच, तिथं कामाला येईल.